पहिलं तेल वन्संचं

मी फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी बोलायला नको. आमच्या घरात खरं बोलणारी माणसं दोनच, एक मी आणि एक माझी नणंद. फरक एवढाच की मी बोलले की भांडण होतं आणि वन्सं बोलल्या की गाडी चालू होते.

वन्सं गॅरेज चालवतात. गॅरेज माझ्या सासऱ्यांचं. ते खरं तर थोरल्या मुलाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे यायचं, पण ह्यांना बोटाला ग्रीस लागलं की जेवण जात नाही. हे ऑफिसात फायली हलवून निवृत्त झाले. धाकट्या बहिणीने पाना उचलला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. लग्नाचं म्हणाल तर एका गृहस्थांनी मागणी घातली होती. ते स्कूटरवरून घरी आले, स्कूटरचा आवाज ऐकून ह्या बाई हातातला चहा माझ्याकडे देऊन बाहेर गेल्या आणि अर्ध्या तासात कार्ब्युरेटर साफ करून आल्या. म्हणाल्या, "आता नीट जाल." ते नीट गेले ते गेलेच.

गॅरेजच्या पुढच्या खोलीत माझा काउंटर. फिल्टर, पट्टे, प्लग आणि फळीवर तेलाचे डबे. मधल्या दाराला काच आहे, तिच्यातून मला वन्सं दिसतात. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून, डोळे मिटून इंजिनाचं ऐकत असतात. डबा उभ्याउभ्याच खातात. डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं. स्वभाव विचाराल तर नाकावर माशी बसू देत नाहीत. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं की गिअरबॉक्समध्ये तुम्ही जुनाच भाग बसवलाय. त्यांनी दोन दिवसांचं काम त्याच्यासमोर पुन्हा उघडलं, नवा भाग त्याच्या हातावर ठेवला आणि गाडी तशीच उघडी ठेवून जेवायला गेल्या. न केलेली चूक अंगावर घेणारी ही बाई नव्हे.

आणि त्यांचा एक नियम होता. इंजिन नव्याने बांधलं की त्यातलं पहिलं तेल त्या स्वतः निवडणार आणि स्वतःच्या हाताने भरणार. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्यात फरक नाही.

तर मागच्या महिन्यात व्याह्यांची गाडी आली. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, निवृत्त मुख्याध्यापक. मनाने चांगले, पण प्रश्नही तेच विचारणार आणि उत्तरही तेच देणार. बावीस वर्षांची गाडी, जीव की प्राण, आणि धूर असा की मागचा माणूस शिव्या घालत पुढे जायचा. वन्संनी इंजिन सगळं खोललं, सिलिंडर घासून घेतले, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. तीन आठवडे गेले. इंजिन पुन्हा बांधून झालं त्या दिवशी व्याही सोनेरी डबा घेऊन हजर.

"ताई, बाजारात सर्वांत उत्तम तेल कोणतं? पूर्ण सिंथेटिक. तेव्हा हेच भरायचं."

वन्संनी डबा हातात घेऊन वाचला. "तेल उत्तमच आहे. पण आत्ता नको."

"उत्तम आहे आणि नको?"

"सिलिंडरच्या आत मी मुद्दाम बारीक, आडव्यातिडव्या रेघा पाडल्यात. नव्या रिंगा त्यांच्यावर घासल्या की मगच जागेवर बसतात. तुमचं तेल इतकं निसरडं की ते घासूच देणार नाही. रिंगा अर्धवट बसतील, सिलिंडर आरशासारखे गुळगुळीत होतील आणि गाडी जन्मभर तेल पिऊन धूर सोडेल. नव्या इंजिनाचे फार लाड करून चालत नाही."

"मग ते ट्रकवाले भरतात ते?"

"त्यात मळ धुणारं औषध जास्त. इथे अजून मळ कुठाय? साधं मिनरल घालू, जरा जाड, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम झिजू नये म्हणून झिंक असलेलं. पहिलं पन्नास किलोमीटरवर काढून टाकायचं, फिल्टर कापून आत धातूचा कीस आलाय का बघायचा. दीड हजार झाले की तुमचं हे तेल मीच भरीन. डबा ठेवून जा."

व्याह्यांना "नाही" ऐकायची सवय नाही. "तुमचा अनुभव मान्य आहे, पण शास्त्र पुढे गेलंय," असं म्हणून डबा ठेवला आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, इकडे बाबा जेवले नाहीत नीट. म्हणतात, आपल्याच माणसांत आपल्याला किंमत नाही. आत्याला सांग ना जरा." आता माझी पंचाईत बघा. लेक त्या घरात, आणि इकडे ही बाई. मी वन्संना म्हटलं, "घाला की त्यांचंच. काय बिघडतं?"

"इंजिन बिघडतं," म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इंजिन पहिल्यांदा चालू करायचं होतं. शटरची किल्ली माझ्याकडे असते. मी साडेआठला उघडलं. बाकावर वन्संनी काढून ठेवलेले साध्या तेलाचे डबे आणि नरसाळं, फळीवर तो सोनेरी डबा. मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, तेल ते तेल. एका दगडात दोन पक्षी मारू. व्याह्यांना नंतर हळूच सांगू की तुमचंच घातलंय, आणि वन्संना कळायचं कारणच नाही. अक्कल गहाण पडते ती अशी. सोनेरी डबा इंजिनात रिकामा केला, झाकण लावून होता तसा फळीवर ठेवला आणि साधे डबे बाकामागे ढकलले.

वन्सं आल्या तर म्हटलं, "तेल भरून ठेवलंय मी. म्हटलं, तुमचं काम हलकं होईल." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. नियम त्यांचा होता, पण रागावल्या नाहीत, "बरं" म्हणाल्या. त्या "बरं"ने मला पहिल्यांदा टोचलं.

तेवढ्यात व्याही आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिला आवाज ऐकायचा होता त्यांना, रुसवा बाजूला ठेवून आले होते. वन्सं बॅटरी जोडत होत्या. गाडीच्या किल्लीला हात घालण्याआधी त्यांनी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बाहेर ओढली. ही त्यांची जुनी सवय, मला माहीत असायला हवी होती. पट्टी तिरकी धरून त्या थेंबाकडे बघत राहिल्या. साधं जाड तेल रेंगाळत उतरतं. हा थेंब घसरगुंडीवरून यावा तसा खाली आला. त्यांनी तो बोटांत चोळला, मग फळीवरच्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

"आज चालू नाही करायचं," वन्सं म्हणाल्या.

"का?" व्याही म्हणाले.

"तेल चुकीचं पडलंय. माझ्या हातून. तुमच्या डब्यातलं."

व्याह्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग चुकीचं कसं? बरोबरच झालं. करा चालू."

"नाही. माझ्याकडून चूक झाली. हे सगळं काढून पुन्हा भरते. वाया गेलेल्या तुमच्या डब्याची भरपाई मी करीन. एक दिवस द्या."

"बघा," व्याही हसले, "एकतीस वर्षांत चूक नाही म्हणता, आणि माझ्याच गाडीला झाली. वय होतं ताई, होतं असं. एखादा तरुण माणूस ठेवा हाताशी."

वन्सं फडक्याने पट्टी पुसत राहिल्या. मी त्या नखाकडे बघत होते. खोट्या आरोपावर अख्खा गिअरबॉक्स उघडून दाखवणारी बाई, तिने माझी चूक सगळ्यांदेखत आपल्या अंगावर घेतली, माझ्या लेकीच्या सासऱ्यांपुढे माझी मान खाली जाऊ नये म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"त्यांनी नाही भरलं," मी म्हटलं. "मी भरलं."

"वहिनी, राहू दे," वन्सं म्हणाल्या.

"नाही राहू देत. सकाळी त्या यायच्या आधी मी भरलं. त्यांना न विचारता. त्यांचे डबे बाकामागे लपवले, बघा हवं तर."

व्याही माझ्याकडे बघत राहिले. "पण का, विहीणबाई?"

"तुमच्या भीतीने. काल तुम्ही जेवला नाहीत म्हणून लेकीचा फोन आला. तुम्ही रागावलात की पोरीच्या घरात सगळे पावलं न वाजवता चालतात. मला वाटलं, एक डबा ओतला की सगळं शांत होईल. उद्या तुमची गाडी धूर सोडायला लागली असती, तर नाव वन्संचं गेलं असतं, माझं नाही."

 व्याही शेजारच्या टायरवर बसले, इस्त्रीचा शर्ट घालून, तसेच.  मग वन्संना म्हणाले, "आता काय करायचं?"

आणि थांबले. इतक्या वर्षांत ह्या गृहस्थांनी प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"इंजिन फिरलं नाहीये, म्हणजे काही बिघडलं नाही," वन्सं म्हणाल्या. "खालचा बोल्ट काढते. दुपारपर्यंत निथळू द्यायचं, मग लिटरभर साधं तेल वरून सोडून तेही काढायचं. तुम्ही चहा घ्या. काल घेतला नव्हता."

त्यांनी घेतला. दोन कप घेतले. दुपारभर गाडीखालच्या ट्रेमध्ये तेल आधी धारेने, मग थेंबाथेंबाने पडत होतं, आणि व्याही वाकून वाकून बघत होते. रिंगा कशा बसतात ते त्यांनी तीनदा विचारून घेतलं. आता घरात रोज कुणाला तरी तेच शिकवतात, असं लेक सांगते. ती हसत होती फोनवर.

तीनला वन्संनी बोल्ट आवळला. मी बाकामागून साधे डबे ओढून काढले, धूळ पुसली आणि खाली मान घालून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी डबे घेतले नाहीत. नरसाळं मात्र माझ्या हातात दिलं.

"भर."

"मी? सकाळी एवढं करून ठेवल्यावर?"

"सकाळचं धरायचं नाही. आता भर, ते धरायचं."

 नरसाळ्यावर थोडं सांडलं, डोळ्यांतूनही थोडं सांडलं, ते मी खांद्याला पुसलं. वन्सं शेजारी उभ्या होत्या, पण डब्याला त्यांनी बोट लावलं नाही. शेवटचा डबा संपल्यावर त्यांनी डिपस्टिक काढली, तिरकी धरली, आणि थेंब सावकाश खाली येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

"बरोबर आहे," म्हणाल्या, आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली.