जंतूचं कूळ

त्या दिवशी मी तुरीत निंदत होते. वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी, गाडी थांबली आणि एक मुलगी आणि एक सर उतरले. मुलीच्या हातात पिशव्या, सरांच्या हातात खुरपं. खुरपं घेऊन गाडीतून कोणी उतरत नाही, म्हणून मी उठलेच नाही. तुरीआडून बघत राहिले.

मुलगीच जवळ आली. "मावशी, आम्ही कॉलेजातून आलो. तुरीची दोन झाडं उपटून नेऊ का?"

मी मान हलवली. हो की नाही, ते माझंच ठरलं नव्हतं. मला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, आणि लोक त्याचा अर्थ हो असा घेतात.

तिने झाड मुळासकट काढलं, माती झटकली. मुळांवर बारीक गाठी होत्या. तिने एक नखाने फोडली, तर आतून लालसर निघाली. "बघा सर, काय छान आहे!" गाठ छान असते हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मग तिने माझं आडनाव विचारलं. आमच्याकडे आडनाव सांगितलं की विचारणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. मी सांगितलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड बदललं नाही. तरी मला बरं वाटलं नाही.

"या गाठीत जो राहतो ना मावशी, त्याचं कूळ शोधायचं आहे," ती म्हणाली.

कूळ हा शब्द आमच्या घरात हळू बोलतात. सासऱ्यांनी ही जमीन पुसदच्या मालकाचं कूळ म्हणून वाहिली. पुढे कायद्याने ती त्यांची झाली. पण मालकाची नातवंडं अजून म्हणतात, जमीन आमची, हे नुसते कूळ. आणि आम्हाला या वावराशिवाय दुसरं काही नाही.

"इथं आमीच राहतो," मी म्हणाले. तिला ऐकू गेलं नसावं, म्हणून जरा मोठ्याने म्हणाले, "कूळबिळ नाही. वावर आमचं हाय."

"तुमचं नाही हो मावशी, जंतूचं!" ती हसायला लागली. "गाठीत जंतू असतात. ते झाडाला हवेतलं खत देतात. त्यातला एक आम्ही वेगळा वाढवणार, फोडणार आणि आतलं सगळं मशीनवर वाचणार. मग कळेल तो कोणत्या कुळातला, कुठून आला."

"वाचणार? त्याच्यात लिहिलं हाय काय?"

"आहे की. फक्त चार अक्षरांत. तीच चार, लाखो वेळा."

चार अक्षरं मीही शिकले आहे. पण चार अक्षरांवरून जंतूचं कूळ कळतं आणि जमीन कोणाची ते कळत नाही, हे मला पटेना.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"तू काहून नेऊ देलं?"

"इचारलं त्यायनं."

"अन् तू मुंडी हालवली असशीन. जंतूले कूळ असते काय? पुसदवाल्यायनंच धाडले असतीन. आज माती नेली, उद्या मोजणी येईन."

त्यानंतर धुऱ्याजवळ गाडी हळू झाली की मी निंदण सोडून उभी राहायची.

कापूस वेचून झाल्यावर मुलीचा फोन आला; नंबर तिने त्या दिवशीच लिहून घेतला होता. नवऱ्याने स्पीकर लावला.

"मावशी, वाचून झालं! दुकानात जंतुखताची पाकिटं मिळतात ना, त्यातला नाही तो. इथलाच आहे, जुना."

"किती जुना?" नवऱ्याने विचारलं. "माह्या बापाच्या आंधीचा?"

"आजोबांच्याही आधीचा असेल, काका."

नवऱ्याने फोनवर हात ठेवला. "हे कोर्टात चालन काय वं?"

"कुठे सापडला ते छापावं लागतं," मुलगी म्हणाली. "तुमचं नाव टाकू ना?"

"टाका! गट नंबर बी टाका!"

माझ्या मनात दुसरंच आलं. आजोबांच्या आधी तर जमीन मालकाची होती. नातवंडं म्हणतील, जंतूसुद्धा आमच्याच काळचा. मी फोन ओढून घेतला.

"गावाचं नाव टाका बाई. वावराचं नको. आमचं बी नको."

"येडी झाली काय तू?" नवरा म्हणाला.

"बरं मावशी, तसंच करते," मुलगी म्हणाली.

केलं की नाही, मला माहीत नाही. ते इंग्रजीत छापतात. कोणाकडून वाचून घ्यावं, तर त्याला आधी हे सगळं सांगावं लागेल.