नाव कधी बदलले आहे का?

हा प्रश्न पासपोर्टच्या अर्जात असतो. रविवारची सकाळ होती. नवरा लॅपटॉप उघडून जेवणाच्या टेबलाशी बसला होता, मी माझे युनिफॉर्म इस्त्री करत होते आणि सासूबाई खाली बसून सुका जवळा निवडत होत्या. नवऱ्याने प्रश्न मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"काय लिहू?"

"नाही लिही," मी म्हटलं.

"नायच लिव," सासूबाईंनी मान वर न करता दुजोरा दिला. "हो म्हटलं का परत धा कागद मागतील."

आम्ही खोटं बोलत होतो असं मला आजही वाटत नाही. नाव बदलणं म्हणजे काहीतरी कोर्टकचेरीचं, भानगडीचं प्रकरण, असंच तिघांच्या डोक्यात होतं. लग्नात बदललेलं नाव हे काय बदलणं झालं? ते तर सगळ्यांचंच बदलतं.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिणार नाही, कारण नावांचा मी धसका घेतला आहे. पण एवढं सांगायला हवं. माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, सासर डोंबिवली पश्चिमेला, कोपरचं. दोन्ही घरं कोळ्यांची. आमच्यात आडनावं मोजकीच, फिरून फिरून तीच येतात, आणि माझं माहेरचं आडनाव तेच सासरचंही निघालं. माहेरी सगळे म्हणाले, चला, हिचा एक त्रास वाचला. पण दुसरा उभा राहिला. माझं आणि सासूबाईंचं पहिलं नावही एकच होतं. एका घरात एकाच नावाच्या दोघी म्हणजे हाक एकीला आणि ओ दुसरीची, म्हणून लग्नात धाकटीचं बदलायचं ठरलं. नवऱ्याने ताटात तांदूळ पसरून अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, त्यातही वेलांटी चुकवली, आणि सगळे हसले. मीही हसले. नाव बरं होतं. नंतर आधार, पॅन, बँक, सगळं त्या नावावर झालं.

डिग्री मात्र जुन्या नावाची राहिली. मी नर्स आहे. माजिवड्याच्या ज्या हॉस्पिटलात मी नऊ वर्षं काढली तिथे माझ्या बिल्ल्यावर जुनंच नाव होतं आणि पेशंट, डॉक्टर, आयाबाया सगळे मला त्याच नावाने ओळखायचे. सकाळी कोपरहून निघायचे ती एक आणि बिल्ला लावला की दुसरी. त्यात मला गंमत वाटायची. घरी कुणी काही बोललं असेल तर ते घरच्या नावाला बोललेत, असं मनाशी म्हणून मी कामाला लागायचे.

जर्मनीला जायचं आधी माझ्या डोक्यात आलं. तिकडे नर्स हव्या आहेत हे आमच्या वॉर्डात रोजच कोणीतरी बोलायचं. ठाण्यात एका क्लासला दीड वर्ष भाषा शिकले. खुर्ची पुल्लिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी, असली ती भाषा. नवरा लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. त्याला मी घरी शिकवायचे, पण त्याची गाडी "माझे नाव अमुक आहे" याच्या पुढे फारशी सरकली नाही. तरी तो तिकडच्या लिफ्टवाल्यांना अर्ज करत राहिला. सगळ्यांचं उत्तर गोड आणि एकच, आधी या, मग बघू. म्हणजे जायचं ते माझ्या नोकरीच्या जोरावर. मी पुढे आणि तो बायकोच्या मागे. नात्यातले पुरुष त्यावरून त्याला टोमणे मारायचे आणि तो म्हणायचा, "मागे तर मागे, जातोय तर खरं!" हे त्याचं मला फार आवडायचं.

एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलने माझी व्हिडिओवर मुलाखत घेतली आणि करार पाठवला. करार पासपोर्टवरच्या नावाने. माझी डिग्री तपासणारं तिथलं सरकारी ऑफिस वेगळं, त्यांनी फाइल उघडली ती डिग्रीवरच्या नावाने. त्यांच्या अर्जात जन्मनावाचा रकाना होता, पण तिकडे जन्मनाव म्हणजे लग्नाआधीचं आडनाव. ते मी लिहिलं. तेच ते आडनाव! जिथे माझं बिंग फुटायला हवं होतं तिथेही मी अशी सहीसलामत सुटले.

मग घर शोधणं सुरू झालं. कोपरच्या आमच्या दोन खोल्यांत बसून जर्मनीत भाड्याची जागा बघायची, म्हणजे मोबाइल हातात धरून कुणा अनोळखी माणसापुढे चांगलं वागायचं. एकाने विचारलं, कुत्रा आहे का? दुसऱ्याने विचारलं, कुठलं वाद्य वाजवता का? नवरा म्हणाला, ढोल सांगू का? एकाने आधी नोकरीच्या जागी रुजू व्हा म्हटलं, आणि हॉस्पिटल म्हणत होतं, राहायचा पत्ता कळवा. अकरा जणांनी नाही म्हटल्यावर एक आजी भेटल्या. स्वतः खाली राहायच्या, वरचा मजला द्यायचा होता. फोन हातात घेऊन त्यांनी आम्हाला जिना चढवला, शेगडी दाखवली, खिडकी उघडून बाहेरचं सफरचंदाचं झाड दाखवलं. सासूबाई मागून डोकावत होत्या. "मासं तललेलं चालतील का, विचार गो." मी विचारलं. आजी म्हणाल्या, खिडकी उघडी ठेवा आणि मलाही एक द्या. आम्ही सगळे इतके हसलो की मला रडू यायच्या बेतात होतं.

शेवटी आजींनी विचारलं, पत्रपेटीवर काय नाव लावू? तिकडे पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, परत नेतो. मी पासपोर्टवरचं नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. हिरवी पत्र्याची पेटी आणि तिच्यावर पांढऱ्या पट्टीवर आमची दोघांची नावं. आमच्या कोपरच्या बिल्डिंगमध्ये पेट्या आहेत, पण झाकणं कधीच गेलीत. तो फोटो मी माहेरी दाखवला, वॉर्डात दाखवला, रिक्षातल्या एका ओळखीच्या बाईलासुद्धा दाखवला. त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला. माझ्या जागी दुसरी मुलगी आली आणि तिला मीच सगळं शिकवलं.

मग वाट बघणं. डिग्रीचा निकाल आला की व्हिसाची तारीख घ्यायची होती. आज येईल, उद्या येईल असं म्हणता म्हणता महिने गेले. मी दर आठवड्याला त्या ऑफिसला मेल करायचे आणि उत्तर यायचं, आपले प्रकरण हाताळले जात आहे. तिकडचं सरकारी काम अजून कागदावर आणि टपालाने चालतं, हे मला क्लासमध्ये सांगितलं होतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं होतं.

एका दुपारी हॉस्पिटलचा मेल आला. तुम्हाला रजिस्टर्ड पत्र पाठवलं होतं, मुदतीत उत्तर आलं नाही, म्हणून तुमची फाइल बंद झाल्याचं ऑफिसने कळवलं आहे. आम्ही थांबू शकत नाही, जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. शुभेच्छा.

मी नवऱ्याला फोन केला. तो कल्याणला कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला होता, तसाच ग्रीसच्या हातांनी घरी आला. "कुठलं पत्र? अगं, पत्र आलंच नाहीये!" तो मोठमोठ्याने बोलत होता, पोस्टाला शिव्या देत होता. मी कपाट उपसत होते. सासूबाई देवाजवळ वाती वळत बसल्या होत्या. रजिस्टर्ड हा शब्द तिसऱ्यांदा कानावर पडला तशा त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांचं गॅसचं पुस्तक, सासऱ्यांच्या पेन्शनचे कागद, बँकेची पत्रं असतात. सगळ्यात वर एक पांढरा लांब लिफाफा होता, न उघडलेला.

"पोष्टमननं नाव घेतलं," त्या म्हणाल्या. "माजंच नाव हाय ना गो ते. मना वाटलं, ब्यांकेचं."

लिफाफ्यावर माझं जुनं नाव आणि आडनाव होतं. म्हणजे त्यांचंच नाव, अक्षरन् अक्षर. सही त्यांनी केली होती आणि त्यात काहीच खोटं नव्हतं.

"मग मला दाखवलं का नाहीस?" नवरा ओरडला.

"तू रागावतोस ना. आई, सारखं काय तुज्या ब्यांकेचं, म्हनतोस."

तो खालीच बसला. पत्र मी उघडलं. एकच पान होतं आणि दीड वर्षाच्या जर्मनने मला ते सगळं कळलं. डिग्रीवरील व्यक्ती आणि पासपोर्टवरील व्यक्ती एकच आहे, याचा अधिकृत पुरावा दिलेल्या मुदतीत सादर करावा. मुदत संपून सोळा दिवस झाले होते.

मला राग आला. पण तो काढू कुणावर? सासूबाईंवर? त्यांनी स्वतःच्या नावाचं पत्र घेतलं होतं. नवऱ्यावर? त्याने अर्जात मी सांगितलं तेच लिहिलं होतं. हसत हसत नवं नाव घेणाऱ्या नवरीवर? सासूबाईंनी ते मुद्दाम लपवलं असेल का, मुलगा लांब जाऊ नये म्हणून, हा विचारही माझ्या मनात आला. आला हे कबूल करते. त्या वेळी त्यांचा चेहरा मी पाहिला आणि विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मी ऑफिसला मेल केला, फोन केला, पाठ केलेली वाक्यं बोलले. पलीकडची बाई नम्र होती. नव्याने अर्ज करा, म्हणाली. मी तिला सांगत होते की त्या दोघी म्हणजे मीच आहे, आणि पलीकडून ती पुन्हा पुन्हा विचारत होती, आपण कोणत्या नावाने बोलत आहात? जर्मनमध्ये मला धड भांडताही येईना. शेवटी मी धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

त्या सफरचंदाच्या झाडाच्या आजी दोन महिने थांबल्या. मग त्यांनी खूप लांब मेल लिहिला, मध्ये तीनदा सॉरी. त्यांनी ती पट्टी काढली असेल. मी फोटो पुसलेला नाही.

आता गॅझेटमध्ये नाव छापून आणलं आहे. लग्नातलं नाव सोडून परत माहेरचं. पासपोर्टवाले विचारतात, मागच्या वेळी "नाही" का लिहिलंत, खुलासा द्या. खुलासा दोनदा दिला आहे. डिग्रीची फाइल नव्याने पाठवली आहे, आणि हॉस्पिटल म्हणतं, फाइल मंजूर झाली की कळवा, तेव्हा जागा असेल तर बघू. मी डोंबिवलीत एका छोट्या नर्सिंग होममध्ये लागले आहे, नऊ वर्षांचा अनुभव असूनही सगळ्यात नवी म्हणून. नवऱ्याने जर्मन सोडून दिलं. टोमणे मारणारे आता काही बोलत नाहीत, आणि ते जास्त लागतं.

गेल्या आठवड्यात माझी सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात होते. दाराशी पोस्टमन आला आणि त्याने नाव वाचलं. माझं जुनं, आता नवं, आणि सासूबाईंचं जन्मापासूनचं. सासूबाई दारातच होत्या. मला त्यांचा आवाज ऐकू आला.

"त्या नावाचा हितं कोनी नाय ऱ्हात."

"अहो काकू, काय मस्करी करता?" पोस्टमन म्हणाला. "इतकी वर्षं तुम्हीच घेताय की पेन्शनची पत्रं!"

"मी नाय ती," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते, लहान मुलं मागे लपवतात तसे.

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. लिफाफा बँकेचा होता, पण कुणासाठी ते दारातून कळत नव्हतं. पोस्टमनने पेन पुढे केलं, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे.

"मग सही कोण करतंय?" त्याने विचारलं, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो.