सुईवाल्या डॉक्टरांना न चालणारा शब्द

डोंबिवलीचे आमचे सुईवाले डॉक्टर आल्या माणसाला कधी ‘बसा’ म्हणत नसत. त्यांच्याकडे येणाऱ्यांची अडचणच ती होती. बाहेरच्या बाकावर कुणी एका कुल्ल्यावर तोललेला, कुणी भिंतीला टेकून उभा, तर कुणी बसलेल्यांकडे हेव्याने बघत फेऱ्या घालणारा. डॉक्टर दारात येऊन म्हणायचे, “या, आत या. आडवेच व्हा.” तेवढ्यानेच निम्मं बरं वाटायचं.

मी मुंबईच्या एका कचेरीत कारकून. दिवसभर लाकडी खुर्ची. मूळव्याध जुनी झाली होती आणि धोतराला डाग पडू लागले होते. एका सर्जननी कापायला सांगितलं होतं. पण आमच्या चाळीतले एक गृहस्थ नुकतेच कापून आले होते, आणि रोज सकाळी त्यांचं ओरडणं अख्खी चाळ ऐकत होती. मी घाबरून सुईवाल्यांकडे गेलो. बदामाच्या तेलात मिसळलेलं औषध ते लांब सुईने मोडाच्या मुळाशी टोचत. असं काही वेळा केलं की मोड आतल्या आत आकसायचा आणि रक्त थांबायचं. चालत आलेला माणूस चालत घरी जायचा. “तिथं फारसं दुखत नाही,” ते म्हणायचे. “दुखते ती लाज. तिच्यावर माझ्याकडे सुई नाही.”

सुईचा त्यांनी कधी टेंभा मिरवला नाही. मोड बाहेर येऊन तिथेच मुक्काम करू लागला की सरळ सांगत, “इथं माझी सुई संपली. आता सुरीवाल्याकडे जा.” बाकी उपदेश घरगुती असे. जेवणात ताक आणि सुरण ठेवा, कोमट पाण्याच्या घमेल्यात बसा आणि मुख्य म्हणजे कुंथू नका. मी एकदा म्हटलं, “अहो डॉक्टर, बाहेर शेजारी टमरेल वाजवत उभा असतो. कुंथू नको तर काय करू?”

“त्याला आधी जाऊ द्या, तुम्ही मागून जा. चाळीतली निम्मी मूळव्याध त्या टमरेलानं केलीय.”

एवढा गमतीचा माणूस, पण एक शब्द ऐकला की भडकायचा. तो शब्द म्हणजे उष्णता. आपल्याकडे मूळव्याध कुणाला होतच नाही, सगळ्यांना उष्णता होते. बायकांना तर हटकून. खडवलीचा एक शेतकरी माझ्यादेखत म्हणाला, “डाक्टर, आमच्या घरात उष्णता झालीय. रगत जातंय. पुडी द्या, मी निंगतो.”

“उष्णता उन्हाळ्यात होते!” डॉक्टर ओरडले. “त्यांना काय झालंय ते पाहिल्यावर सांगेन. पाहिल्याशिवाय पुडी नाही.”

“बाईमानसाला काय बघताव?” असं म्हणून तो तणतणत निघून गेला. डॉक्टर त्याच्यामागे पायरीपर्यंत धावले, हाका मारल्या. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत, मीही म्हणे.

पुढे एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गेलो तो बायकोसाठी. तिला बरेच दिवस रक्त पडत होतं. तिने मला सांगितलं होतं आणि मी डॉक्टरांना सांगत होतो. अवघडून माझ्याही तोंडून तोच शब्द निघाला.

या वेळी ते ओरडले नाहीत. दार लोटून घेतलं आणि प्रथमच मला म्हणाले, “बसा.”

“आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो. मला थोरल्या वहिनींनी वाढवलं. एकदा त्यांनी माझ्या बायकोकडे निरोप दिला, भावोजींना सांग, मला उष्णता झालीय. मी इसबगोल दिलं, गुलकंद दिला, रक्त थांबायच्या पुड्या दिल्या. वर्षभर देत राहिलो. दीर असून त्यांना तपासू कसा? ठाण्याला डॉक्टरीणबाई तेव्हाही होत्या. पण लोक म्हणाले असते, सुईवाल्याच्या घरच्यांना सुई चालत नाही. शेवटी नेलं तेव्हा बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस कोण औषध देत होतं? मूळव्याध नव्हतीच ती. आतड्यात गाठ होती.”

ते पुढे म्हणाले, “लहानपणी मला त्यांनी धुतलं-पुसलं हो. आणि मला त्यांच्याकडे पाहायची लाज वाटली. शेवटपर्यंत त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.”

डॉक्टरांनी तिला ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायला सांगितलं, पण बायको काही केल्या तयार होईना. “मेले तरी चालेल,” म्हणाली. तेव्हा मी तिला वहिनींची हकीकत सांगितली. ती उठली आणि लुगडं बदलून निघाली. ठाण्याला डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. साधी मूळव्याध निघाली. तिथेच टोचून घेतलं आणि पुढे रक्त थांबलं.

आता डॉक्टर नाहीत. त्यांच्या दवाखान्याच्या जागी कापडाचं दुकान आहे. माझी बायको आहे, मुली आहेत, आणि आमच्या घरात उष्णता कुणाला होत नाही.

तेव्हा बायकोला बरं वाटल्यावर मी पेढे घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालेनात.

“तपासताना फार त्रास झाला का हो त्यांना?”

“रडली,” मी म्हटलं. “परतताना वाटभर माझ्याशी बोलली नाही.”

त्यांनी मान हलवली. पेढा तसाच हातात होता.

“वहिनीही रडल्या असत्या,” ते म्हणाले. “चिडल्या असत्या. माझ्याशी बोलायच्या बंदही झाल्या असत्या. पण असत्या.”