बिनड्रायव्हरच्या गाडीत आप्पा

आमचे आप्पा नंदुरबार ते आमचं गाव कोरीट अशी काळीपिवळी जीप चालवतात. माझा जन्म व्हायच्या आधीपासून चालवतात. आणि त्यांच्या थोरल्या लेकीने, म्हणजे मी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट कोणता घ्यावा? तर बिनड्रायव्हरच्या गाडीचा! गावात दोघातिघांनी मला तोंडावर घरभेदी म्हटलं. मी त्यांच्याशी भांडले. माझा स्वभाव तापट आहे आणि तो कुणावर गेलाय हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

कल्पना सोपी होती. रस्त्याच्या वर खांबांवरून जाणारी एक अरुंद वाट, आणि तिच्यावर चार माणसांच्या छोट्या छोट्या गाड्या. थांब्यावर जायचं, गाडीत बसायचं, कुठे उतरायचं त्याचं बटण दाबायचं. गाडी मध्ये कुठेही न थांबता थेट तिथे नेऊन सोडते. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, वाट पाहणं तर मुळीच नाही. आठवडेबाजाराच्या दिवशी नंदुरबारच्या बसस्टँडवरून रेल्वे स्टेशनला जाऊन बघा. मिरचीचे टेम्पो, हातगाड्या, ट्रॅक्टर, आडव्या लावलेल्या मोटरसायकली आणि या सगळ्यांच्या मधोमध निवांत रवंथ करणारी एखादी गाय. एकदा तिथे अडकून माझी पॅसेंजर गाडी डोळ्यांदेखत सुटली होती, तेव्हाच मी मनाशी ठरवलं की या शहराला रस्त्याच्या वरूनच न्यावं लागेल.

खांब काही आम्हाला झेपणारे नव्हते. आम्ही चौघी मैत्रिणींनी कॉलेजच्या मागच्या मैदानात जमिनीवरच लोखंडी रूळ टाकले, तीन थांबे केले आणि भंगारातून आणलेल्या रिक्षाच्या सांगाड्याला मोटर बसवली. समोरासमोर दोन बाकडी, चार सीट, सरकतं दार. सीटखाली वजन ओळखणारी पट्टी. वजन पडलं की गाडी समजते, माणूस बसला. दहा सेकंद थांबते, दार लावते आणि निघते. बटण दाबलं नाही तर आपली शेवटच्या थांब्यावर जाते.

आप्पांना हे सगळं मी जेवताना सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "गाडीले डायवर नही, ते मंग पॅसेंजर भांडतीन कोनासंगे?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुन्ही गाडी गावमा उनी, ते मी मन्ही कोठे लावू?"

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं की तुमच्या गाडीत माणसं कोंबून नेता, म्हाताऱ्या बायांच्या मांडीवर परक्यांची पोरं बसवता, आणि सीट भरेपर्यंत लोकांना उन्हात ताटकळत ठेवता ते वेगळंच. आई म्हणाली, पुरे. आप्पांनी ताट सरकवलं आणि उठले. त्या रात्री मला फार वाईट वाटलं, पण माफी मागायची आमच्या घरात पद्धत नाही, आम्ही दुसऱ्या दिवशी चहा जास्त गोड करतो.

मला पहिला नंबर नको होता, बक्षीस नको होतं. मला फक्त आप्पा त्या गाडीत बसायला हवे होते. एकदाच, या थांब्यावरून त्या थांब्यापर्यंत. मी दहा वेळा म्हटलं असेल, "आप्पा, एक डाव बठा ना." दहाही वेळा एकच उत्तर मिळालं, "माले बिगर डायवरनी गाडीमा बठनं नही." मैदानात मात्र ते रोज येत. शेवटची फेरी झाली की जीप फाटकाशी लावायची, आत येऊन आमच्या गाडीभोवती चक्कर मारायची आणि वेल्डिंगवर बोटाच्या पेराने ठोकून बघायचं. "हाऊ सांधा कच्चा शे," असं म्हणून निघून जायचं. सांधा खरोखरच कच्चा असायचा, म्हणून मला आणखी राग यायचा.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे एक परीक्षक येणार होते. सरांनी सांगितलं, नुसती रिकामी गाडी फिरवू नका, खरे प्रवासी आणा. खरे प्रवासी कुणाकडे असतात? आप्पांकडे. मी चहा गोड करून विचारलं. "मानसं आनी देसू," ते म्हणाले. "माले मात्र बठाले सांगू नको."

दिलेला शब्द त्यांनी पाळला. सकाळी जीपभर कोरीटकर मैदानात उतरले आणि आप्पा फाटकाशी हाताची घडी घालून उभे राहिले. परीक्षक खुर्चीवर, हातात वही. मी गाडी पहिल्या थांब्यावर आणली, दार उघडलं आणि म्हटलं, बसा.

सगळ्यात पुढे आमच्या गल्लीतली मावशी होती. ती दाराशी आली, आत डोकावली, हातातली मिरच्यांची थैली खिडकीजवळच्या सीटवर ठेवली आणि आपल्या बहिणीला आणायला परत वळली. आमच्याकडे जागा अशीच धरतात. रुमाल टाका, थैली टाका, टोपी टाका, ती सीट तुमची. जगातली कुठलीही जीप त्या थैलीला ओलांडून जात नाही. पण आमच्या गाडीला वजन कळलं. तिने दहा सेकंद वाट पाहिली, दार लावलं आणि थैलीला घेऊन शांतपणे तिसऱ्या थांब्याकडे निघाली.

"मन्ही थैली चालनी! धरा तिले!" मावशी ओरडली आणि पदर खोचून रुळाच्या बाजूने पळत सुटली. मागून तिची बहीण, बहिणीमागे आणखी चार जण. थैली थांब्यावर वेळेत पोचली, दार उघडलं, कुणी उतरलं नाही. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. माझ्या मैत्रिणींनी माझ्याकडे बघायचंही टाळलं.

गाडी पुन्हा पहिल्या थांब्यावर आणली. आता वजनाची पट्टी बंद केली, माणूस बटण दाबेल तेव्हाच गाडी निघेल असं केलं. मावशी आणि तिची बहीण आत बसल्या, थैली या वेळी मांडीवर घट्ट. मी म्हटलं, बटण दाबा. त्या बसूनच राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी आत वाकून विचारलं, काय झालं?

"दोनच जन ते शेतस," मावशी मलाच समजावू लागली. "भरू दे ना बाई गाडी."

मी सांगत होते की ही भरावी लागत नाही, हीच तर हिची गंमत आहे, एकट्या माणसासाठीसुद्धा निघते. त्या दोघी माझ्याकडे इतक्या कणवेने बघत होत्या की मला रडू यायच्या बेतात होतं. बाहेरचे सहा जण पुढे येईनात, कारण रिकाम्या गाडीत आधी जाऊन बसणारा सगळ्यात जास्त ताटकळतो हे प्रत्येकाला ठाऊक. गाडी उभी, प्रवासी उभे, परीक्षक घड्याळ बघतायत.

आणि तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला, "चला कोरीट, कोरीट, कोरीट! दोन सीट बाकी, दोन सीट!"

आप्पा चालत येत होते. मला वाटतं त्यांनाही कळलं नसावं आपण काय करतोय. अर्धी रिकामी गाडी डोळ्यांसमोर उभी, आणि जवळ सहा माणसं मोकळी! हे बघून गप्प राहणं त्यांच्या हाडात नाही. "मावशी, आत सरक. भाऊ, तू तठे बठ, पाय आखडी ले." तिसरा बसला. एक सीट उरली. आप्पांनी सवयीने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि बाजूला झाले.

"आनि डायवर?" मावशीने विचारलं.

"डायवर नही हाई गाडीले."

"मंग तू बठ. तू नही बठना, ते मी उतरी जासू." आणि ती खरोखरच थैली सावरून उठू लागली.

बसलेला पॅसेंजर उतरला की त्याच्यामागे सगळी गाडी उतरते. आप्पांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. "बठ मावशी, उतरू नको," म्हणाले आणि स्वतः आत चढले. दाराजवळच्या सीटवर बसले. मग मला म्हणाले, "दाब वं बटन."

मी खिडकीतून हात घालून दाबलं. गाडी निघाली. काही बिघडलं तर थांबवता यावी म्हणून एका लांब वायरीच्या टोकाला लाल बटण होतं, ते हातात धरून मला गाडीच्या बाजूने पळावं लागायचं. मी पळत होते आणि हसत होते, मला हसू आवरतच नव्हतं. आत आप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. हातांना काही काम नव्हतं. गाडी तिसऱ्या थांब्यावर थांबली, दार उघडलं, चौघं उतरले, आणि कोरीटकरांनी अशा टाळ्या वाजवल्या की जणू गाडी कोरीटहून थेट दिल्लीला जाऊन आली.

परीक्षकांनी विचारलं, यात पुढे काय सुधारणा कराल? मी म्हटलं, एक बटण वाढवू. "थांब, माणूस येतोय." ते हसले, पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

परत जाताना मी जीपमध्ये आप्पांच्या शेजारी बसले होते. मागे मावशी थैलीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होती, आणि या वेळी थैली बरीच लांब गेली होती. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांध्यांबद्दल काहीतरी निघणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"इतला वरीस गाडी चालाडी," ते म्हणाले. "डोया कायम समोर. आज पहिलांदा खिडकीमाईन बाजूले दखं."

"काय दिसनं?" मी विचारलं.

"लहानपनपासून तू आठेच बठस, मन्हा बाजूले," ते म्हणाले. "पन तू इतली हासस, ते माले आज दिसनं."

मी म्हटलं, "समोर दखा आप्पा," कारण ते अजून माझ्याकडेच बघत होते, आणि समोरून ट्रॅक्टर येत होता.