ताईंची शेवटची कात्री

ताईंचं पार्लर म्हणजे तीन खुर्च्या, तीन आरसे आणि एक ताई. गिऱ्हाइकांच्या लेखी तिथे कात्रीही एकच होती, ताईंची. बावीस वर्षं असं चाललं, आणि खरं सांगायचं तर ताईंनीच ते तसं चालवलं.

हाताखाली सुई होती. अंगाने बारीक आणि जिभेने टोकदार, म्हणून सुई. बारा वर्षांत तिचा हात ताईंइतकाच तयार झाला होता. पण तिने कापड झटकायला घेतलं रे घेतलं, की ताई हातातलं काम टाकून यायच्या, गिऱ्हाइकाची मान किंचित वाकवायच्या आणि मागे एकदाच कात्री मारायच्या. कच्च! "हं, आता झालं." ही शेवटची कात्री बसल्याशिवाय केस कापले असं कुणी मानायचंच नाही. एकदा ताईंना ताप आला, तर चार बायका पूर्ण कापलेले केस 'अर्धवट राहिलेत' म्हणून तीन दिवस रुमाल बांधून फिरल्या. ही बातमी ऐकून ताईंचा ताप निम्मा उतरला.

आणि मग परगावाहून लेकीचा फोन आला.

"आई, पुढच्या महिन्यात बाळ येईल. तू महिनाभर ये."

"आठ दिवस येते गं. पार्लर कोण बघणार?"

"माझ्या शाळेच्या प्रत्येक नाटकाला तू पडदा पडताना पोचलीस. आता तसं चालायचं नाही. यायचं तर आधी ये आणि राहा. नाहीतर सासूबाई आहेतच."

'सासूबाई' वर्मी लागलं. पण महिनाभर पाठ फिरवली, तर समोर काचेच्या दाराचं नवं पार्लर तोंड वासून बसलेलं. ताईंनी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तुझ्याशिवाय सूर्य उगवतो का, ते आठ दिवस बघ तरी."

ठरलं. जायच्या आधी आठ दिवस पार्लरमध्येच बसायचं, पण कात्रीला हात लावायचा नाही. ताईंनी सुईसाठी चाळीस पानी वही लिहिली: 'कोपऱ्यावरच्या वकीलबाई, डाव्या कानामागे भोवरा, जावेचा विषय काढू नये.' सुईने ती चाळली आणि म्हणाली, "ताई, जावेचं भांडण मिटून चार वर्षं झाली."

हात मोकळे राहिले की वळवळायचे, म्हणून ताई टॉवेलांच्या घड्या घालत बसल्या. त्याच मोडायच्या, पुन्हा घालायच्या. तरीही सुईने कापड झटकलं की उठायच्याच. कच्च!

"ताई, तिकडे गेल्यावर ही कच्च पोस्टाने पाठवणार का?" सुई म्हणाली.

सहाव्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्या आत शिरल्या की बाकावरच्या बायका अजून ताठ बसत. सुईने त्यांचे केस कापले. कापड झटकलं. ताई स्वतःच्या दोन्ही हातांवर बसून राहिल्या, अक्षरशः.

बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. "शेवटची कात्री?"

ताई ताडकन उठल्या. सुई मध्ये आली. "बाई, आजपासून ती पण मीच मारते." कच्च!

"हवेतच मारलीस ना?" बाई आरशातून म्हणाल्या.

टोकदार सुई पार बोथट झाली.

"घाबरू नकोस. तुझी ताईसुद्धा हवेतच मारते. बारा वर्षं आरशात बघतेय, एक केस खाली पडत नाही."

बाकावर एकीने हळूच मान चाचपली. ताईंचे कान लाल झाले. "मग बाई, बोलला का नाहीत कधी?"

"इतक्या ऐटीत येतेस, म्हटलं चालू दे. मीही पोरांच्या कितीतरी वह्यांवर न वाचता सही ठोकलीय."

आता कबूल केल्यावाचून सुटका नव्हती. ताई उखडल्या. "कापायला ही कार्टी काही शिल्लक ठेवेल तर ना! एक केस मागेपुढे सोडत नाही. मी तरी काय कापू?"

बारा वर्षांतलं हे पहिलं कौतुक, तेही भरल्या पार्लरमध्ये. सुई डोळे पुसायला लागली. म्हणे केस गेला. त्या दिवसापासून बायका सरळ तिच्या खुर्चीकडे वळल्या. ताईंनी सांगितल्यावर शंका कोण घेणार?

ताई गेल्या. नात झाली, आणि या वेळी ताई पडदा उघडायच्या आधी हजर होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी पार्लरला फोन लावला. कुणी उचलेना. संध्याकाळी सुईचा फोन आला. "गर्दी होती, ताई."

"माझी आठवण काढतात का गं?"

"काढतात ना. काढतात आणि मग खुर्चीत बसतात."

महिन्याने ताई परतल्या, त्या केस वाढवूनच. तिघींच्या मागे नंबर लावावा लागला. सुईने केस कापले, कापड झटकलं. ताई मान वाकवून तशाच बसून राहिल्या.

"काय झालं, ताई?"

"अगं, शेवटची कात्री?"

"ती बंद केली. तेवढ्या वेळात दिवसाकाठी एक डोकं जास्त होतं. उठा आता, बायका खोळंबल्यात."