नळाचं टोपडं

पाण्याचे नमुने गोळा करणं ही माझी नोकरी. लोअर परळपासून घोडपदेवपर्यंतचा पट्टा माझ्याकडे आहे. माझ्या पिशवीत निर्जंतुक केलेल्या बाटल्या, स्पिरिटची कुपी, कापूस, चिमटा, काडेपेटी आणि क्लोरीन तपासायची छोटी पेटी असते. पाणी पहाटे येतं, म्हणून मलाही पहाटेच जावं लागतं. लोकांना वाटतं, ही बाई बाटलीत पाणी भरून नेते, त्यात काय एवढं? मग मी चिमट्यात पेटता बोळा धरून नळाचं तोंड भाजायला घेते आणि गॅलरीत माणसं जमतात. नळावर बसलेले जंतू बाटलीत जाऊ नयेत, आतल्या पाण्याचीच तपासणी व्हावी, म्हणून हे करायचं असतं. लालबागच्या एका चाळीत एक आजोबा हे बघून हात जोडून उभे राहिले. मी नळाची आरती करतेय असं त्यांना वाटलं.

मी म्हटलं, "आजोबा, जंतू मारतेय."

"मार, मार," ते म्हणाले. "कापूर हवा असेल तर सांग, घरात आहे."

नवीन असताना मी एकदा प्लास्टिकच्या नळालाही बोळा लावला होता. नळ वितळला आणि मान टाकून लोंबकळायला लागला. त्या घरातल्या बाईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून प्लास्टिकचा नळ दिसला की मी गुपचूप स्पिरिटने पुसून घेते.

पाण्याच्या बाबतीत आपली माणसं भलतीच मानी असतात, हे मला या नोकरीत कळलं. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये वॉचमनने मला नळापर्यंत जाऊच दिलं नाही. केबिनमधल्या फ्रिजमधून पाण्याची विकतची बाटली काढून माझ्या हातात ठेवली. "मॅडम, ये ले जाओ ना, सील पॅक है." मला त्याच्या टाकीतलं पाणी तपासायचं होतं आणि त्याला टॉवरची इज्जत सांभाळायची होती. गिरगावातली माझी एक मैत्रीण हे ऐकून पोट धरून हसली. तिच्या सासूबाईही नमुना घेणाऱ्यांना फिल्टरचं पाणी देतात असं म्हणाली. पाहुण्याला नळाचं कसं द्यायचं, हा त्यांचा प्रश्न.

मी मात्र कुणाचं ऐकत नाही. नमुना खराब निघाला की त्याच दिवशी फोन, त्याच दिवशी दाराशी. समोरचा कितीही आवाज चढवो, मी त्याच्यापेक्षा एक पट्टी वर जाते. "ताई, जरा सबुरीने घ्या," असं मला किमान शंभरदा तरी ऐकावं लागलं असेल. पाण्यात सबुरी चालत नाही, असं माझं ठरलेलं उत्तर आहे. ते मी फार रुबाबात देते.

आता आईविषयी सांगायला हवं. घोडपदेवच्या चाळीतल्या आमच्या खोलीत आम्ही दोघीच राहतो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आईने शिलाई मशीन काढली आणि बाळांची झबली-टोपडी शिवायला घेतली. आमच्या चाळीतल्या जवळपास प्रत्येक पोराने कधी ना कधी आईचं टोपडं घातलंय. आज ज्यांच्या मिशा बघून मी दचकते, त्यांचं टोपडं हनुवटीखाली बांधताना ते किती किंचाळायचे, हे आई अजून चारचौघांत सांगते. मग रेडिमेडचा जमाना आला. ऑर्डर कमी होत गेल्या. त्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि मशीनवर झाकण पडलं. झाकणावर टीव्हीचा रिमोट आणि औषधांचा डबा आला.

ऑपरेशन झालं आणि आईला पुन्हा सुईत दोरा ओवता यायला लागला. त्या दिवशी तिने तीनदा दोरा काढला आणि तीनदा ओवला, मला दाखवायला. नेमकं त्याच सुमारास गल्लीत खोदकाम चालू होतं आणि चार दिवस पाण्याबरोबर बारीक माती येत होती. आईने मशीनवरचं झाकण काढलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेतला, गोल कापला, कडेला लाल पायपिंग लावलं, आत नाडी ओवली आणि मोरीतल्या नळाच्या तोंडाला ते बांधून टाकलं.

"बघ," ती म्हणाली, "नळाचा टोपडा!"

आता सांगायला हवं, की नळाला फडकं बांधणं ही काही आईची युक्ती नव्हे. घरोघरी बांधतात. पण पायपिंग लावलेलं, नाडीचं, नळाच्या मापाचं टोपडं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारणीने मागितलं. मग समोरच्या खोलीने. माती यायची थांबली तरी मागणी थांबली नाही. आईने सगळ्या चाळीला फुकट शिवून दिली, कुणाला हिरव्या काठाची, कुणाला जरीची. पलीकडच्या चाळीतल्या बायका चौकशीला यायला लागल्या. आई दुपारची झोप सोडून मशीनवर बसायची आणि जेवताना मला सांगायची, "फुडच्या सोमवारपर्यंत माका येळ नाय." तिला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मीही ऑफिसात ऐटीत सांगायचे, आमच्या चाळीतले नळ तुमच्यापेक्षा बरे कपडे घालतात.

काही महिन्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांची पोटं बिघडली. बरी झाली, पुन्हा बिघडली. मग तिसऱ्या मजल्यावर, मग आमच्याच मजल्यावर. आधी सगळ्यांनी नाक्यावरच्या पाणीपुरीवाल्याला धरलं. तो बिचारा गावी निघून गेला तरी पोटं काही थांबेनात, तेव्हा सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "चाळीत पाणीवाली असून ही अवस्था." खाली सतरा अंगठे. माझा पारा चढला. मी दुसऱ्याच दिवशी टाकीचं पाणी घेतलं, तिन्ही मजल्यांवरच्या नळांचं घेतलं, नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत पाठवलं. क्लोरीन तपासायची गोळी नमुन्यात टाकली की पाणी छान गुलाबी व्हायचं, म्हणजे पाण्यात क्लोरीन पुरेसं होतं. प्रयोगशाळेचे अहवालही स्वच्छ आले. मी ते ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, "हात धुवा." कुणालाच ते आवडलं नाही. पोरं मात्र आजारीच होती.

मी पुन्हा नमुने घ्यायला निघाले. दुसऱ्या मजल्यावर, ज्या घरातलं धाकटं पोर अंथरुणावर सुकून पडलं होतं, तिथल्या मोरीत उभी राहिले. नेहमीसारखं आधी नळाचं टोपडं सोडलं आणि खांद्यावर टाकलं, कापूस भिजवला, काडी ओढली. बोटं ओली होती म्हणून काडी पेटेना. ओली नव्हती, बुळबुळीत होती. मी बोटं नाकाशी नेली. टोपड्याचा कुबट वास आला.

इतके दिवस मी काय करत होते? टोपडं काढायचे, नळ भाजायचे, पाणी वाहू द्यायचे आणि मग स्वच्छ पाणी बाटलीत भरायचे. सगळं नियमाप्रमाणे. आणि मी गेल्यावर ती माऊली टोपडं पुन्हा बांधायची आणि त्यातून गाळलेलं पाणी पोराला द्यायची. मी जे तपासत होते ते चाळीत कुणी पीतच नव्हतं! स्वतःच्या अकलेवर मला तिथेच हसू आलं, पण पुढच्याच क्षणी ती टोपडी कुणी शिवलीत हे आठवलं आणि हसू विरलं.

आमच्या ऑफिसात शाळांमध्ये दाखवायला साध्या बाटल्या असतात, आत औषधाची पट्टी असलेल्या. पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं; वाईट जंतू असले तर पाणी काळं होतं. मी त्यातल्या दोन घरी आणल्या. आमच्याच नळाचं पाणी घेतलं, एकीत टोपड्यातून आणि दुसरीत टोपडं काढून, नळ साफ करून. मुद्दाम घरचंच घेतलं, कारण आई आपलं टोपडं दर शनिवारी साबणाने धुवायची. बाकीच्या बायकांनी एकदा बांधलं ते बांधलं, पण निदान आईचं तरी चांगलं निघावं अशी माझी इच्छा होती. दोन्ही बाटल्या कपाटात लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या. दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं तर साफ नळाची होती तशीच होती आणि टोपड्याची शाईसारखी काळी झाली होती. मोरीत ऊन येत नाही. टोपडं धुतलं तरी आठवडाभर ओलंच राहायचं.

आणि मग, पाण्यात सबुरी चालत नाही असं रुबाबात सांगणारी ही बाई चार दिवस गप्प बसली.

खोटं कशाला बोलू, मला धीर होईना. आई मशीनवर बसलेली असायची, चष्मा नाकावर, शेजारी कापलेल्या गोल तुकड्यांची चळत. मी तोंड उघडायचे आणि "चहा टाकू?" एवढंच विचारायचे. घरात मी पाणी उकळायला सुरुवात केली आणि आईला सांगितलं, घसा धरलाय. दुसऱ्या मजल्यावर जाऊन सांगितलं, पाणी उकळून द्या. का, ते सांगितलं नाही. चाळीच्या ग्रुपवर तेच लिहिलं, त्यावर कुणीतरी विचारलं, "कालपर्यंत तर रिपोर्ट क्लीन होता ना?" मी फोन पालथा घातला. परक्या माणसाला मी अर्ध्या तासात फैलावर घेतलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तेव्हा काळी बाटली टेबलावर होती. आईला लोणचं काढायचं होतं.

"काय गो ह्या?" तिने विचारलं.

मी सांगितलं. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून शाळेत पोरांना समजावते तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने मला सांगता येईना. आईने काळी बाटली उचलून उजेडात धरली. मला वाटलं आता रडेल. तिने मशीनच्या खणातून कात्री काढली, पायांत चपला सरकवल्या आणि पहिली कात्री आमच्याच नळावरच्या नाडीला लावली. मग ती गॅलरीत गेली. मी पिशवी घेऊन मागे.

असली वरात चाळीने पाहिली नसेल. आई दारात उभी राहायची, "काढ ता" म्हणायची आणि समोरची काढेपर्यंत थांबायचीसुद्धा नाही, स्वतःच मोरीत घुसायची. एका सुनेने जरीचं टोपडं हाताने झाकून धरलं. "मावशी, पण किती गोड दिसतं!"

"गोड बाळाच्या डोक्यार दिसता. नळाक कसला डोक्या!"

ज्यांनी महिनोन् महिने धुतलं नव्हतं त्यांना आईने असं काही फैलावर घेतलं, की माझा चढा आवाज कुठून आला हे चाळीला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मजल्यावर, त्या सुकलेल्या पोराच्या घरी मात्र तिचा आवाज उतरला. नाडी कापली, धाकट्याच्या कपाळावरून हात फिरवला, त्याच्या आईला म्हणाली, "माझी चूक झाली गो," आणि पुढच्या दाराशी गेली. सगळी टोपडी तिने उकळत्या पाण्यात घातली आणि गच्चीवर उन्हात टाकली. फरशी पुसायला होतील म्हणाली.

ती पोरं आठवड्याभरात जिना दणाणवायला लागली. सगळा दोष टोपड्यांचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. डॉक्टरांची औषधं होती, उकळलेलं पाणी होतं. पण आता जिन्यात त्यांनी कितीही गोंधळ घातला तरी मी ओरडत नाही, एवढं खरं.

टोपडी काढली त्या संध्याकाळी गच्चीवरून खाली आल्यावर मी चहा केला. आईसमोर कप ठेवला आणि म्हटलं, "तुला वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसले."

"कधीपासून म्हायत होता तुका?"

"चार दिवस."

तिने कप खाली ठेवला. ऑपरेशननंतर तिची नजर फार तीक्ष्ण झाली आहे, आणि ती सगळी माझ्यावर रोखली होती.

"चार दिवस त्या पोराक ता पाणी जात होता. माझा मन राखूक?"

"मी उकळायला सांगितलं होतं गं…"

"दुसऱ्या कोणाच्या आवशीने शिवला असता, तर तिका कधी सांगितलं असतंस?"

मला खोटं बोलता आलं नाही. "त्याच दिवशी," मी म्हटलं.

आई म्हणाली, "मग ह्या कामात माका परकी समज."