बंद कडांचं पुस्तक

थोरलीचा सगळा जन्म दुसऱ्यांची पुस्तकं बांधण्यात गेला. त्याचं तिला काही वाटायचं नाही. म्हणजे दिराचं लग्न होऊन चित्रकार जाऊ दोन खोल्यांच्या त्या घरात येईपर्यंत तरी नाही.

आता धाकटीनं चक्क घरावरच पुस्तक केलं होतं. चार माणसं एका घरात राहिली की कशी धुसफुस होते, त्याची चित्रं. न्हाणीघराच्या दारावरची थाप, फळीवर आखलेली रेघ, एकाच खिळ्यावरचे दोन टॉवेल. प्रत एकच, आणि प्रदर्शन परवावर आलेलं. दिरानं कौतुक केलं ते ठीक, पण थोरलीचा नवराही म्हणाला, "काय हात आहे पोरीचा!" तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. वीस वर्षांत तिच्या शिलाईबद्दल यानं कधी ब्र काढला होता का?

बांधायला पुस्तक तिच्याकडेच आलं. जाड कागद, प्रत्येक पान दुमडलेलं, घडी बाहेरच्या बाजूला.

"ताई, एक सांगायचं होतं, या कडा..."

"बाइंडिंग मला शिकवू नकोस."

धाकटीनं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

खिडकीशी आपल्या टेबलावर शिवता शिवता थोरलीनं पानं तीनदा पाहिली. टॉवेल होते, चपला होत्या, दीर होता. ती कुठेच नव्हती. "मी काय भाड्यानं राहते या घरात?" दुसऱ्या दिवशी कामावर तिनं तणतणत पुस्तक कटरखाली सारलं आणि सवयीनं तिन्ही बाजू छाटल्या.

घड्या उघडल्या. आतही चित्रं होती! मुद्दाम झाकलेली. थोरलीनं पुस्तक कटरखालून ओढून घेतलं.

मग तिनं नीट पाहिलं. प्रत्येक घडीत तीच होती. खिडकीशी, उजेडात, सुई ओवताना. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "घरातला सगळा उजेड हिच्याकडे. मी दिव्याखाली रंग कालवते. जळते मी हिच्यावर."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिचा हेवा करत होतं. तिला लाज वाटली, नाही असं नाही. पण आधी गुदगुल्या झाल्या.

संध्याकाळी पुस्तक पाहून धाकटी पांढरीफटक पडली. "ताई, आता सगळे वाचतील हो!"

"वाचू देत. चूक माझी, मी ऐकूनच घेतलं नाही." थोरलीनं टेबलावरची खळीची वाटी बाजूला सरकवली. "उद्यापासून सकाळी इथे तू बस. दुपारनंतर माझं."

सकाळी धाकटी खिडकीशी बसली. तिला तशी उजेडात पाहून थोरलीच्या पोटात पुन्हा दुखायला लागलं. उठवायला मात्र ती गेली नाही.